दंतमंजनातला दुर्जय आणि चहातली वेधा

घाटंजीच्या तहसील कचेरीसमोर सत्यशीलाचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान कसलं, टिनाचा ठेलाच. आत एक मशीन, एक स्टूल, कागदाची रिमं आणि उन्हाळ्यात नुसता गरम वारा फेकणारा पंखा. मशीनच्या बाजूला बोटभर उंचीचा एक हिरवा प्लास्टिकचा शिपाई उभा असायचा. त्याचा उजवा हात खांद्यातून वरखाली व्हायचा, डावा कधीच गळून गेला होता. नवीन माणसाला वाटायचं, हा कोणता तरी देव असेल. जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, की याच्याबद्दल विचारलं तर बाई अर्धा तास सोडत नाहीत.

तो नायक दुर्जय होता.

सत्यशीला मूळची बाभुळगावची. तिचे वडील बळीराम कापूस खरेदी केंद्रावर गाठोडी वाहायचे. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी बाजारातून दंतमंजनाचा डबा आणला आणि त्या गुलाबी भुकटीत हा शिपाई पुरलेला निघाला. सोबत आगपेटीएवढी घडी घातलेली एक पत्रिका होती. आठ पानं, प्रत्येक पानावर एक चित्र आणि चित्राखाली चार ओळी. वर नाव 'वज्रपथक'. काळदरी नावाच्या धुक्यानं भरलेल्या मुलखात आठ शिपाई पहारा देतात, अशी ती गोष्ट. दर डब्यात एक शिपाई आणि गोष्टीचा पुढचा तुकडा. डबा लवकर संपावा म्हणून सत्यशीला दिवसातून तीनदा दात घासायची. असे सहा वेगवेगळे शिपाई आणि अकरा पत्रिका जमल्या. अकराव्या पत्रिकेत दुर्जय दोन सुळक्यांच्या डोंगरावर चढतो आणि आभाळातून एक हिरवा उजेड खाली उतरताना पाहतो. खाली छापलं होतं, 'हा उजेड कशाचा? बाराव्या डब्यात वाचा.'

बाराव्या डब्यात नुसतं मंजन होतं. तिनं सगळा डबा परातीत ओतला, चाळणीनं चाळला आणि आईचा मार खाल्ला. तेराव्यातही काही निघालं नाही. किराणावाला म्हणाला, "कंपनीनं स्कीम बंद केली." तिनं डब्यावरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

पुढे ती बारावी झाली, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा पास झाली. एसटीत कंडक्टर असलेल्या इंद्रजितशी लग्न होऊन घाटंजीला आली. मुलगी झाली, ठेला टाकला. पण तो हिरवा उजेड काही डोक्यातून गेला नाही. भाजी फोडणीला टाकताना, बसस्टँडवर उभी असताना मधूनच तिला वाटायचं, कशाचा असेल तो?

दोन हजार सहा सालचा पावसाळा. कापसानं मार खाल्लेला जिल्हा म्हणून यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं. सरकारनं पॅकेज जाहीर केलं होतं, आणि पॅकेज म्हटलं की कागद. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. ठेल्यासमोर सकाळपासून रांग लागायची. त्या रांगेत एक दिवस पुंडलिकराव उभे होते. घाटंजीपासून सहा कोसांवरच्या खेड्यातले, वय अडतीसच्या आसपास, डोक्यावर टोपी, मिशा भरघोस. घरची कापसाची आणि तुरीची शेती. बोलणं असं की शब्द जणू उसने आणलेत.

त्यांचा नंबर आला. सातबारा सत्यशीलाच्या हाती देता देता त्यांची नजर शिपायावर पडली आणि तिथंच अडकली.

"हा कोन होय जी, ताई?"

"दुर्जय. दंतमंजनाच्या डब्यात आलता, ऐंशी साली."

पुंडलिकरावांनी तो उचलला, उलटा केला आणि तळपाय डोळ्यांजवळ नेला.

"मासोळी हाय."

"काय हाय?"

"याच्या पायाखाली मासोळी कोरेल हाय, पाहा. माह्यावाल्याइच्या पायाखालीबी हाय. पन ते चहातले होत."

सत्यशीलानं शिपाई हातात घेतला. सव्वीस वर्षं तो तिच्याजवळ होता, पण त्याच्या पायाखाली कधी पाहावं असं तिला सुचलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढी मासोळी तिथं खरंच होती. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, झालं असन काम तर सरका बाजूले." पुंडलिकराव सरकले, पण गेले नाहीत. रांग संपेस्तोवर दोन तास समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले, आणि मग पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो म्हणून सांगून गेले.

आले ते चष्म्याची डबी घेऊन. डबीत सरकीसकट कापूस भरलेला आणि त्या कापसात पाच चंदेरी पुतळे. चहाच्या मोठ्या पुड्यासोबत यायचे, तेही त्याच दोन-तीन वर्षांत. नाव 'ग्रहगामी'. ताऱ्याताऱ्यांतून फिरणारं एक यान आणि त्यातले सहा प्रवासी. सहावा पुंडलिकरावांच्या बैलानं खाल्ला होता. पाचांमध्ये एक बाई होती, केस मागे बांधलेली, हात पुढे करून कुठंतरी बोट दाखवणारी. तिचं नाव वेधा.

"आमी असे काही असतात हे कधी ऐकलंच नाई," सत्यशीला म्हणाली. "आमच्या घरी चहा सुटा यायचा. पुडी बांधून."

"आमच्या घरी मंजन नव्हतं जी. बाभळीची काडी." पुंडलिकरावांनी वेधाला मशीनच्या काचेवर उभं केलं. "घाबरू नका, एक करून पाहातो."

त्यांनी दुर्जयचं डोकं दोन बोटांत धरून फिरवलं. टक् असा आवाज झाला आणि डोकं निघालं. मग एका चंदेरी पुतळ्याचं काढलं. हिरवं डोकं चंदेरी धडावर ठेवून दाबलं. पुन्हा टक्. खांद्यावर असं बसलं की जणू तिथंच बनलं असावं. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या गोष्टींतले हे लोक एकाच साच्यातून निघाले होते. चाळिशीला आलेली दोन माणसं काही वेळ नुसती पाहत राहिली. सत्यशीलाला वाटलं, हे आपल्याला नऊ वर्षांची असताना समजलं असतं तर?

"पत्रिका हायेत तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

होत्या. नऊ. पुंडलिकरावांनी त्या आईच्या औषधांच्या पिशवीत जपून आणल्या होत्या. नवव्या पत्रिकेत यान बिघडतं, अनोळखी जगाकडे कोसळू लागतं. शेवटच्या चित्रात यान नाहीच, फक्त खालची जमीन दिसते. दोन सुळक्यांचा डोंगर. डाव्या सुळक्याचं टोक जरासं उडालेलं.

सत्यशीलानं स्टुलाखालचा डबा काढला, अकरावी पत्रिका काढली आणि दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी काचेवर पालथ्या ठेवल्या. मशीनवर दोनशे टक्के मोठं करायचं बटण होतं. कागद गरम गरम बाहेर आला. एका बाजूला तिचा डोंगर, दुसऱ्या बाजूला त्यांचा. रेघ अन् रेघ तीच. उडालेलं टोक तेच.

"म्हंजे तो हिरवा उजेड," ती सावकाश म्हणाली, "याइचं यान होतं."

पुंडलिकरावांनी टोपी काढली आणि परत घातली. "हे काळदरीत पडले. दुर्जयनं याइले पडताना पाह्यलं."

"आन् मंग?"

मग काय झालं ते कुठंच छापलेलं नव्हतं. आणि कोणी छापलं नसेल तर आपण काढावं, हा विचार नेमका कोणाच्या तोंडून आधी निघाला यावर पुढे दोघांचं कधी एकमत झालं नाही.

त्या वर्षांत घाटंजीला दिवसातून कितीतरी तास भारनियमन असायचं. लाइन गेली की मशीन बंद, रांग पांगायची. त्या रिकाम्या वेळात सत्यशीला स्केचबुक काढून बसायची. गावाकडून काही काम काढून पुंडलिकराव यायचे आणि कडुनिंबाखालची खुर्ची आत ओढून बसायचे. पहिल्यांदाच अडलं ते भेटीवर. सत्यशीलाच्या मनात होतं, की यान पडलं, दुर्जय धावत गेला, त्यानं जखमींना पाणी पाजलं.

"नाई जमत," पुंडलिकराव म्हणाले. "पहिले लढाई झाली पाह्यजे."

"काहून? भांडन कायचं त्याइचं?"

"भांडन नाई. वळख नाई म्हनून. आपल्या मुलखात आभाळातून कोनी पडलं, अंगावर चंदेरी कपडे, तर पहारेवाला भाला उचलनारच. त्याले कोनी सांगतलं का हे चांगले लोक होत म्हनून? पहिले लढतीन, मंग थकतीन, मंग बोलतीन."

सत्यशीलाला ते पटलं. पण लढाई म्हटल्यावर आणखी प्रश्न निघाले. वज्रपथकाजवळ भाले आणि ग्रहगामींजवळ उजेडाच्या बंदुका. मग लढाई एका पानात संपेल. यावर पुंडलिकराव पंधरा दिवस गप्प होते. डिसेंबरात एक दिवस सकाळीच आले, पायाला अजून शेतातला चिखल.

"काळदरीत धुकं हाय ना? आज आमच्या नाल्यावर धुकं होतं. मी बॅटरी नेली अन् उजेड पाडून पावलं मोजली. बावीस पावलं. बाविसाच्या पुढे उजेड मरते. भाला बाविसाच्या पुढे जाते."

मागं रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन उतरलं म्हन्ता नाल्यात?"

"ग्रहगामी," पुंडलिकराव म्हणाले, आणि म्हातारा समजल्यासारखी मान हलवून पुढे सरकला.

इंद्रजितला हे सगळं गमतीचं वाटायचं. एकदा त्यानं घरी बायकोला विचारलं, "त्या भाऊले शेतीचं टेन्शन नाई का? आख्ख्या जिल्ह्यात हाहाकार अन् हा मानूस पावलं मोजून राह्यला."

सत्यशीलानं ते पुंडलिकरावांनाच विचारलं, जरा सांभाळून.

"बोंडं गळाली यंदाबी," ते म्हणाले. "हाय टेन्शन. पन ताई, टीव्हीवाले येतात, कालेजातले पोट्टे फारम घेऊन येतात, मोठे साहेब येतात. सगळे एकच गोष्ट विचारतात. मी काय सांगन ते त्याइले आधीच मालूम असते. तुमी मले विचारलं, वेधा काहून बोलत नाई. हे मले आजवर कोनी विचारलं नव्हतं."

वेधाचा हा एक वेगळाच पेच होता. नऊच्या नऊ पत्रिकांत बाकीचे सगळे बोलतात, वेधा एक अक्षर बोलत नाही. फक्त दिशा दाखवते. पुंडलिकरावांना लहानपणापासून वाटायचं, की ती कोणावर तरी रागावली आहे. सत्यशीलाला वाटायचं, की तिला काहीतरी असं माहीत आहे जे बाकीच्यांना सांगण्यासारखं नाही. पण मूळ गोष्टीला धक्का लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. म्हणून त्यांच्या पुस्तकातही वेधा गप्प राहिली.

सोळा पानांचा पहिला भाग संक्रांतीच्या सुमाराला तयार झाला. नाव ठेवलं 'काळदरीत ग्रहगामी'. सत्यशीलानं पाठपोट झेरॉक्स काढून मधोमध पिना मारल्या आणि चाळीस प्रती ठेल्यावर दोरीला लटकवल्या. सातबाऱ्याच्या रांगेतले लोक वेळ जावा म्हणून चाळायचे, आणि नंबर आल्यावरही परत द्यायचे नाहीत. बाजारात मिरच्या विकणाऱ्या रामीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं सत्यशीलाकडून चित्रं समजावून घेतली. धुक्यातली लढाई तिनं शांतपणे पाहिली आणि वेधाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ही बाई एवढ्या मानसाईत एकटीच आली काय वरून?"

"हो जी."

"मंग ते बोलन कायले," रामीबाई म्हणाली आणि मिरच्यांकडे वळली.

एक गोष्ट मात्र सत्यशीलाला चैन पडू देत नव्हती. डोंगर एकच म्हणजे दोन्ही गोष्टी लिहिणारा माणूसही एकच असणार. त्यानं दोन्ही फौजांची भेट आधीपासून ठरवली होती. मंजनवाल्याला आणि चहावाल्याला न सांगता तो त्यांना एकमेकांकडे आणत होता, आणि नेमक्या त्याच वेळी स्कीम बंद पडली. त्याला पुढचं ठाऊक असणार. पत्रिकांच्या मागे अगदी बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'चंद्रिका मुद्रणालय, अमरावती'. दोन्हींवर तेच.

इंद्रजितची ड्युटी तेव्हा अमरावतीच्या गाडीवर होती. बायकोच्या सांगण्यावरून त्यानं शोध सुरू केला. पहिल्या फेरीत कळलं, की मुद्रणालयाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दुसऱ्या फेरीत त्या गल्लीतला एक बाइंडर भेटला. तो म्हणाला, तिथं वामनराव नावाचे कंपोझिटर होते, तेच असलं काहीबाही लिहायचे. तिसऱ्या फेरीत पत्ता मिळाला. लेकीकडे राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, कानानं कमी ऐकतात.

मार्चमध्ये एका रविवारी सत्यशीला आणि पुंडलिकराव इंद्रजितच्याच गाडीनं अमरावतीला गेले. पुंडलिकरावांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि चष्म्याची डबी खिशात न ठेवता अख्खा रस्ता हातात धरली होती.

वामनराव अंगणात बाजेवर बसले होते. बारीक, ताठ, बोटं शाईनं कायमची काळपट झालेली. सत्यशीलानं पत्रिका पुढे केल्या. त्यांनी त्या दूर धरून पाहिल्या, मग जवळ.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. "हे तर मीच जुळवलं. लिहिलंही मीच. मालक म्हणायचे, वामन, चार ओळी ठोक. मी हातात छपाईचे खिळे घेऊन उभ्या उभ्याच लिहायचो, आधी कागदावर उतरवायचोही नाही."

सत्यशीलानं दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. "बाबा, हा डोंगर बघा. दोन्हीत एकच हाय. म्हंजे तुमी आधीच ठरवलं होतं ना, की याइची भेट करायची?"

वामनरावांनी डोंगर पाहिला. चेहऱ्यावर आठवण हळूहळू वर आली.

"डोंगराचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, एकच होता आमच्याकडे," ते म्हणाले. "एका विडीच्या कट्ट्यासाठी बनवला होता. विडीवाल्यानं नेला नाही. नवा ब्लॉक करायला मालक तयार नसायचे, मग जिथं डोंगर लागेल तिथं हाच. हे टोक आहे ना, ते माझ्या हातून पडून उडालं. बोलणी खाल्ली होती मी."

जिन्याची एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं सत्यशीलाला झालं. पुंडलिकरावांनी विचारलं, "आन् हिरवा उजेड?"

"पान भरायला दोन ओळी कमी पडत होत्या."

लेकीनं चहा आणून ठेवला. मग पुंडलिकरावांनी चष्म्याची डबी उघडली, कापसातून वेधाला काढलं आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर उभं केलं. शेजारी दुर्जयला ठेवलं. वामनरावांनी दुर्जयचा हात वर केला, खाली केला.

"हे असे होते?" ते म्हणाले. "मी कधी पाहिलेच नाहीत. कंपनीकडून पत्रानं नावं यायची, बस. खेळणी थेट डब्यात जायची." त्यांनी वेधाकडे बोट केलं. "ही कोण?"

"वेधा," पुंडलिकराव म्हणाले.

"वेधा बाई आहे?" वामनराव त्या पुतळीकडे पाहतच राहिले. "मी यंत्र समजलो. दिशा दाखवणारं यंत्र. म्हणून तर तिच्या तोंडी कधी काही घातलं नाही."

पुंडलिकराव हसले. सत्यशीलानं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या रागाचं कारण ते शोधत होते, ती रागावलेली नव्हतीच. तिला कोणी बोलूच दिलं नव्हतं. मग सत्यशीलाही हसली, आणि हसता हसता तिच्या मनातली ती हुकलेली पायरी कुठं गेली ते तिला कळलं नाही. डोंगर विडीचा असला तर असू दे. दोन्ही फौजा त्याच्यावर येऊन पोचल्या होत्या, आणि हे त्या दोघांशिवाय कोणी पाहिलं नव्हतं, लिहिणाऱ्यानंसुद्धा नाही.

तिनं झेरॉक्सचं पुस्तक वामनरावांना दिलं. त्यांनी ते तिथंच वाचलं, एकेक अक्षर बोटानं सरकवत. वाचून झाल्यावर म्हणाले, "शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. आणि बावीस पावलांचं कुठून काढलं?"

पुंडलिकरावांनी नाल्याची आणि बॅटरीची हकिकत सांगितली. वामनरावांनी ती दोनदा सांगायला लावली. एकदा नीट ऐकू आलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा आवडली म्हणून.

निघताना सत्यशीलानं विचारलं, "बाबा, दुसऱ्या भागात वेधाले बोलतं करायचं हाय. पहिलं वाक्य तुमी लिहून द्या. तुमचंच राह्यलं हाय ते."

ते विचार करून कळवतो म्हणाले. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच होता: 'वेधा: हे कोणतं गाव?'

सत्यशीलानं ते कार्ड कितीदा तरी वाचलं. एवढ्या मोठ्या आभाळातून पडलेली बाई दुसरं काय विचारेल? दुसरा भाग तिथूनच सुरू झाला. दुर्जय भाला खाली ठेवतो आणि गावाचं नाव सांगतो. मग ती इथलं पाणी कुठून येतं ते विचारते, धुकं कोणत्या महिन्यात सरतं ते विचारते, आणि बाकीचे शिपाई एकेक करून तिच्याभोवती बसतात. लढाईची पानं त्यात तीनच होती. तरी त्या भागाच्या प्रती पहिल्यापेक्षा जास्त खपल्या. इंद्रजित आता स्वतःच गठ्ठा बॅगेत टाकून न्यायचा. पुसदच्या डेपोतल्या एका मेकॅनिकनं तर पहिला भाग नसल्याबद्दल त्याच्याशी हुज्जत घातली.

तिसरा भाग वामनरावांनी पोस्टकार्डांवरून मजकूर पाठवत पूर्ण केला. पहिल्यांदाच कोणत्या तरी कागदावर लेखक म्हणून त्यांचं नाव आलं. प्रत मिळाल्यावर त्यांनी चुकांची यादी धाडली. या वेळी दोनच होत्या, आणि त्यातली एक त्यांच्या नावातली. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात ते गेले. सत्यशीला आणि पुंडलिकराव जाऊन आले. लेकीनं सांगितलं, की शेवटच्या वर्षात शेजारच्या लोकांना बसवून ते पुस्तकं वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, हा डोंगर माझ्या हातून पडला होता.

पुंडलिकरावांनी अर्ध्या शेतात सोयाबीन घेतलं, अर्ध्यात कापूस ठेवला. काही वर्षं बरी गेली, काही नाही. ते ठेल्यावर येत राहिले. ठेला पुढे पक्का गाळा झाला, मशीन नवं आलं, भारनियमन कमी झालं आणि चित्रं काढायला वेळ मिळेना, अशी उलटीच तक्रार सत्यशीला करू लागली. तरी चौथ्या भागाची पानं ती अधूनमधून काढत होती. त्यातल्याच एका पानावर एक दिवस तिची पेन्सिल थांबली.

"भाऊ, एक सांगा. दुर्जयचं वय काय असन?"

"काहून?"

"आपन पाह्यला तेव्हा तो तिशीतला असन. त्याले आता किती वर्षं झाले? तो तसाच कसा राह्यला? आपन तर नाई राह्यलो."

पुंडलिकरावांना हे आवडलं नाही. शिपाई म्हातारा झाला तर मुलखावर पहारा कोण देईल, असं त्यांचं म्हणणं. दोन बाजार ते फिरकले नाहीत. तिसऱ्या बाजाराला आले, सोयाबीनच्या पोत्यांचं बोलले, पावसाचं बोलले आणि मग स्वतःच पान पुढे ओढलं. सत्यशीलानं दुर्जयच्या मिशांत पांढरे केस काढले होते, कानशिलावर दोन रेघा.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"याचे गुडघे दुखत असतीन मंग."

"असतीन."

"मंग डोंगर कायले चढवून राह्यल्या त्याले?"

सत्यशीलानं खोडरबर घेतलं. सुळक्याकडे जाणारी पाऊलवाट पुसली आणि पायथ्यापायथ्यानं एक सपाट रस्ता काढला. पुंडलिकराव खुर्ची पुढे ओढून, तो रस्ता कुठं जातो ते पाहत बसले.